अर्जातली व्यक्ती

शेलार वकिलांशी माझी ओळख झाली ती त्यांनी माझी चूक धरली म्हणून.

वडगावच्या सरकारी दवाखान्यात मी रुजू होऊन जेमतेम महिना झाला होता. तीस सालानंतरचा तो काळ. मी पुण्यात वाढलेला, वैद्यकीचं शिक्षण ताजं, आणि मावळातल्या लोकांना आता माझ्याशिवाय वाली नाही अशी माझी पक्की समजूत. एका सकाळी दवाखान्याच्या दारात बैलगाडी येऊन थांबली. गाडीत तिशीचा एक शेतकरी होता. त्याचे हात कासऱ्यानं मागं बांधलेले होते. त्याचा थोरला भाऊ पुढं होऊन म्हणाला, "येड लागलंय ह्याला, सायेब. काल कोयता घिऊन माज्या अंगावर आला. पुन्याच्या इस्पितळात ठिवायचा हाय. कागद द्या."

त्या वेळी वेड्यांच्या इस्पितळात माणूस ठेवायचा तर नातेवाइकानं अर्ज करायचा, त्याला दोन डॉक्टरांचे दाखले जोडायचे, आणि मग मॅजिस्ट्रेटनं हुकूम काढायचा असा कायदा होता. पहिला दाखला माझा. मी गाडीजवळ गेलो, त्या माणसाला दोन प्रश्न विचारले. तो मान खाली घालून बसला, बोलला नाही. मी आत येऊन छापील फॉर्म भरला. बेभान होतो, बडबडतो, हत्यार घेऊन अंगावर धावतो. सही केली, शिक्का मारला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तोच फॉर्म हातात घेऊन एक गृहस्थ आले. चाळिशी उलटलेले, उंच, किंचित पोक आलेले. अंगात काळा आल्पाकाचा कोट, त्याचा रंग खांद्यावर उडून हिरवट झालेला. पायात मात्र वकिलाचे बूट नव्हते, शेतकऱ्याच्या करकरीत वहाणा होत्या. "मी मारुतराव शेलार, वकील," म्हणाले, आणि उभ्यानंच विचारलं, "डॉक्टर, हा माणूस तुमच्या अंगावर धावून आला का?"

"माझ्या? नाही."

"तुमच्यासमोर बडबडला?"

"नाही."

"मग हे वरच्या रकान्यात कसं आलं? वर 'मी स्वतः काय पाहिलं' तेवढंच लिहायचं. दुसऱ्यांनी सांगितलेलं खालच्या रकान्यात." त्यांनी फॉर्म माझ्यापुढं सरकवला. "वरचा रकाना रिकामा राहिला तर राहू द्या. रिकामा रकाना खोटा नसतो."

मला राग आला. ते अर्जदार भावाचेच वकील होते आणि माझ्याकडे येऊन उलट तपासणी करत होते. तसं मी बोलूनही दाखवलं. ते चिडले असावेत, कारण त्यांचा आवाज आणखी खाली गेला. चिडले की ते हळू बोलत, हे मला पुढं कळलं.

"त्यांचाच वकील आहे, म्हणून तर आलो. प्रांतसाहेबांची मॅजिस्ट्रेट म्हणून सही झाली की हा माणूस किती वर्षं आत राहील, हे तुम्हाला सांगता येईल? मला येत नाही. चला, आत्ताच जाऊन पाहू. दोघे भाऊ गावातच पाहुण्यांकडे उतरलेत."

मी गेलो, ते केवळ त्यांना खोटं पाडायला. ओसरीवर तो माणूस घोंगडं लपेटून पडला होता आणि दातांवर दात वाजत होते. अंगाला हात लावला तर निखारा. दोन घटकांत तो छपराकडे बघून कोणाला तरी शिव्या देऊ लागला. एक दिवसाआड चढणारा हिवताप होता. मी त्याला पाहिलं होतं तो नेमका मधला, बिनतापाचा दिवस. क्विनीन सुरू केलं. पंधरा दिवसांनी तो स्वतः चालत दवाखान्यात आला, आणि भाऊ मागं उभा राहून पदरानं पुसावेत तसे उपरण्यानं डोळे पुसत होता. तो भाऊ काही दुष्ट नव्हता. घाबरला होता, एवढंच. घाबरलेल्या माणसाला मी न पाहिलेल्या गोष्टीचा दाखला दिला होता.

मी माफी मागायला शेलारांकडे गेलो. त्यांनी ती ऐकून घेतली नाही. "डॉक्टर, मला औषधातलं कळत नाही. तुम्हाला कायद्यातलं कळत नव्हतं. आता दोघांनाही थोडं कळतं," म्हणाले, आणि चहा मागवला.

त्यांचं घर मामलेदार कचेरीच्या मागच्या आळीत होतं. पत्नी होती, तिला सगळी आळी काकी म्हणे. एकुलता मुलगा मुंबईत गिरणीच्या कचेरीत कारकून. घरची थोडी भातशेती. वडगावच्या कोर्टात त्यांचं काम बेताचंच चाले, पण आंदर मावळातल्या वाड्यावस्त्यांवरचे लोक त्यांच्याशिवाय दुसऱ्या वकिलाकडे जात नसत. त्यांना सगळे 'वकीलआबा' म्हणत. पुढं मीही म्हणू लागलो.

त्यांच्या बोलण्यात 'वेडा' हा शब्द कधी यायचा नाही. 'अर्जातली व्यक्ती' म्हणायचे. कोर्टातल्या कारकुनांनी त्याची थट्टा करून ठेवली होती. शिरस्तेदाराची म्हैस एकदा दावं तोडून बाजारात उधळली, तेव्हा पट्टेवाला ओरडत आला, "अर्जातली व्यक्ती सुटली!" आबाही हसले. पण शब्द त्यांनी बदलला नाही. आणखी एक म्हणजे, ज्याच्याबद्दल कागद चालला असेल त्याच्याशी ते उभ्यानं कधी बोलले नाहीत. तो जमिनीवर बसला असेल तर हे जमिनीवर, गाडीत असेल तर हे गाडीच्या जोखडावर टेकून. आधी स्वतःचं नाव-गाव सांगायचे, मग त्याचं विचारायचे, मग जेवलात का म्हणून विचारायचे. समोरचा भिंतीशी बोलत असला तरी हा क्रम चुकत नसे. आणि नातेवाइकांनी आपलं गाऱ्हाणं अर्धा तास सांगून झालं, की एकच प्रश्न: "त्यांना विचारलंत का?"

"येड्याला काय इचारायचं, आबा?"

"काय ते नंतर बघू. विचारलंत का?"

दर महिन्यातल्या एका रविवारी ते सकाळच्या गाडीनं पुण्याला जात. हातात फडक्यात बांधलेली भाकरी, कधी करवंदं, कधी भाजलेल्या हुरड्याची पिशवी. काकी म्हणायच्या, "आज इस्पितळातली वारी." मला वाटलं, त्यांचं कोणी जवळचं आत असेल. विचारायला धीर झाला नाही.

दुसरं वेड म्हणजे, त्यांच्या मागं लोक 'वेड'च म्हणत, कायदा बदलायचं. मुंबई इलाख्याच्या कौन्सिलची बैठक जवळ आली की ते एक लांबलचक निवेदन तयार करत. पुढं मराठी, मागं इंग्रजी. त्यातले वैद्यकीचे शब्द तपासून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मागणं फार नव्हतं. माणसाला पाहिल्याशिवाय आणि त्याच्याच भाषेत त्याला विचारल्याशिवाय मॅजिस्ट्रेटनं हुकूम काढू नये. त्याला रस्त्यानं दोरी लावून नेऊ नये. ज्यानं अर्ज केला त्यानं सहा महिन्यांनी जाऊन त्याचं तोंड पाहावं, नाही पाहिलं तर का नाही ते लिहून द्यावं. आत गेलेल्याचं पत्र कोणी फोडू नये. आणि शेवटचं कलम, जे ते दर वर्षी पुन्हा पुन्हा खोडून नव्यानं लिहायचे: बरा झालेल्या माणसाला न्यायला कोणी आलं नाही, तर त्याला आपल्या पायानं बाहेर पडता यावं, आणि सरकारनं त्याला सहा महिने निवारा द्यावा.

निवेदन पोचल्याची एका ओळीची चिठ्ठी यायची. बाकी काही नाही. पूर्वी कधीतरी इस्पितळाच्या पाटीवरचा 'लुनॅटिक असायलम' हा जुना शब्द काढून 'मेंटल हॉस्पिटल' असं झालं होतं. आबा म्हणायचे, "पाटी रंगवायला एक रंगारी लागला. अर्ज बदलायला किती माणसं लागतील?"

एका मे महिन्यात कौन्सिलचे एक सभासद लोणावळ्याला हवा खायला आले होते. आबांनी मला बरोबर घेतलं. बंगल्याच्या व्हरांड्यात सभासद वेताच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी निवेदन चाळलं, चहा दिला, अगत्यानं बोलले. मग म्हणाले, "शेलार, तुमचं म्हणणं रास्त आहे. पण एक सांगतो, रागावू नका. वेड्यांना मत नसतं."

"म्हणूनच तर तुमच्याकडे आलो, साहेब. ज्यांना मत आहे ते आपलं आपण येतात," आबा इतक्या हळू म्हणाले की सभासदांना पुन्हा विचारावं लागलं. त्यांनी पुन्हा तेच, त्याच आवाजात सांगितलं.

चिमाबाईचं प्रकरण त्यानंतरच्या आश्विनातलं. आंदर मावळात डोंगराच्या कुशीला कोळ्यांची एक वाडी आहे. तिथला एक माणूस माझ्याकडे आला. भावजय येडी झालीय, कागद द्या. तिला बांधून आणतो म्हणाला. मी म्हटलं, बांधून आणू नका, मीच येतो. तो गेल्यावर मी आबांना सांगितलं. ते नुसते खुंटीवरून छत्री काढायला उठले.

पहाटे निघून इंद्रायणी ओलांडली आणि पायवाटेनं चालू लागलो. खाचरांत भात उभं होतं, लोंब्या भरत आल्या होत्या. वाडीवर पोचायला जेवणवेळ झाली. चिमाबाई चाळिशीची. अंगणात बसून विळा दगडावर घासत होती. दीर लांब उभा राहून आम्हाला खुणावत होता, विळ्याकडे बघा म्हणून. आबा सरळ तिच्यासमोर जाऊन मातीत बसले.

"चिमाबाई, मी मारुती शेलार, वडगावचा वकील. हे डाक्टर हायेत. जेवलात का?"

तिनं विळा खाली ठेवला. "न्हाई अजून."

"तुमच्या दिरानं अर्ज करायचं म्हनलंय, तुमाला पुन्याच्या इस्पितळात ठिवावं म्हनून. तुमाला कुनी इचारलं का?"

"मला?" ती हसली. "मला कोन इचारतंय."

"आमी इचारतोय."

बराच वेळ ती दगडावर बोटानं रेघा ओढत राहिली. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा खाचरात पान लागून, म्हणजे साप चावून, गेला होता. ती बांधावर जाऊन त्याच्याशी बोलते, त्याच्या वाटणीची भाकरी थापते, मध्येच डोंगरात निघून जाते, असं दिरानं सांगितलं होतं. तेच तिनं सांगितलं, काही न लपवता. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "त्यो येकला बोलला असता तर मी ऐकलं असतं, डाक्टर. पर बाकीची बी बोलत्यात. त्यांची मला वळख न्हाई. डोळ्याला डोळा लागू देत न्हाईत."

इतकं स्वच्छ लक्षण मला पुस्तकात वाचायला मिळालं नव्हतं. ती आजारी होती यात शंका नव्हती. मी तिला इस्पितळात काय असतं ते जमेल तसं सांगितलं. झोपेचं औषध असतं, विसावा असतो, बरं वाटलं तर परत येता येतं.

"जाईन की," ती म्हणाली. "पर भात कापून झालं की. मी आत्ता गेली आन् माजं भात दुसऱ्यानं कापलं, तर खाचर माजं ऱ्हाईल का? तुमीच सांगा, वकीलआबा."

आबांनी दिराकडे पाहिलं. दीर जमिनीकडे पाहू लागला.

परतीच्या वाटेवर एका ओढ्याशी आम्ही भाकरी खाल्ली. मी धीर करून विचारलं, "आबा, पुण्याच्या इस्पितळात तुमचं कोण आहे?"

त्यांनी हात धुतले, उपरण्याला पुसले. "याच खोऱ्यातला एक माणूस आहे. हरी वाळुंज. त्याला मी आत पाठवला."

अठरा सालच्या मोठ्या तापाच्या साथीत हरीची बायको आणि दोन्ही मुलं आठ दिवसांत गेली होती. त्यानं बोलणं सोडलं. दिवसभर खाचरात पाण्यात उभा राही. पेरत नसे, खात नसे. त्याच्या चुलतभावानं तरण्या शेलार वकिलांकडून अर्ज लिहून घेतला. "नवीनच सनद मिळाली होती. इंग्रजी चांगलं होतं, त्याची हौस होती. असा अर्ज लिहिला, डॉक्टर, की साहेबानं माणूस पाहायची गरजच ठेवली नाही. अर्जावरच हुकूम. मला वाटलं, केवढी हुशारी! मी स्वतः हरीला पाहिलं नव्हतं. चुलतभावानं सांगितलं ते मी सजवलं."

मग ते दुसऱ्या एका पक्षकाराच्या कामासाठी नऊ वर्षांनी त्या इस्पितळात गेले. बागेत एक माणूस वाफ्यांना पाणी घालत होता. त्यानं झारी खाली ठेवून यांना निरखलं आणि म्हणाला, "वडगावचं शेलार वकील न्हवं? माजा अर्ज तुमी लिवला व्हता."

"अर्जाखाली माझं नाव होतं, आणि मला त्यानं वडगावच्या बाजारात पाहिलं असणार. नाव कोणीतरी वाचून दाखवलं असेल," आबा म्हणाले. "राग नाही, काही नाही. ओळख दाखवावी तशी. तिथल्या डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, हा वर्षभरातच बरा झाला होता. चांगली माणसं होती तिथली. चार पत्रं घातली त्यांनी चुलतभावाला. न्यायला कोणी आलं नाही. कोणी आल्याशिवाय सोडायचा कसा?"

नात्याचं नसलं तरी कोणा स्नेह्यानं जबाबदारी घेतली तर माणूस सोडत असत. आबा कागद तयार करून पुढच्या आठवड्यातच गेले. नात्याच्या जागी 'मित्र' असं लिहिलं होतं. हरीनं कागद पाहिला आणि विचारलं, "मला कुटं न्हेनार?" हे म्हणाले, माझ्या घरी. हरी म्हणाला, "हितं माजी बाग हाय. आत्ता न्हाई. पुढल्या खेपेला बघू."

"तेव्हापासून दर महिन्याला जातो. दर महिन्याला विचारतो, हरी, येता का? दर महिन्याला म्हणतो, पुढल्या खेपेला."

मी तरुण होतो. म्हटलं, "आबा, सरळ घेऊन यायचं. एकदा बाहेर आला की रुळेल."

त्यांचा आवाज खाली गेला. "डॉक्टर, एकदा त्याला न विचारता आत घातला. आता न विचारता बाहेर काढू? कशासाठी? मला झोप लागावी म्हणून?"

चिमाबाईच्या दिरानं अर्ज केलाच. दुसरा वकील मिळाला, पुण्याहून दोन दाखलेही आणले. प्रांतसाहेबांचा मुक्काम लोणावळ्याच्या डाकबंगल्यात होता, तिथं सुनावणी. त्यांच्यापुढं कागदांचा ढीग होता आणि हात सहीच्या तयारीत. आबा उठले. "साहेब, अर्जातली व्यक्ती बाहेर पायरीवर बसली आहे. वाडीवरनं चालत आली आहे. एकदा पाहावं."

दिराचा वकील म्हणाला, "ती वेडी आहे हेच तर आमचं म्हणणं. ती काय सांगणार?"

"ती आजारी नाही असं मी म्हणत नाही," आबा म्हणाले. "आजारी माणसाला विचारू नये, असं कायद्यात कुठं लिहिलंय तेवढं दाखवावं."

साहेब जरा वैतागले, पण बोलावलं. चिमाबाई आत आली आणि फरशीवर बसली. साहेबांनी नाव, गाव विचारलं. मग आज वार कोणता म्हणून विचारलं. "मला काय ठावं? तुमच्या पट्टेवाल्यानं आज या म्हनून सांगितलं, आले." साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. मग त्यांनी विचारलं, "कानात माणसं बोलतात?"

मी आबांकडे पाहिलं. ते तिला अडवतील असं मला वाटलं. ते गप्प राहिले.

"व्हय, बोलत्यात."

"म्हणजे तुम्ही आजारी आहात."

"आजारी हाय म्हनून तर जाते म्हनते, सायेब. पर भात कापून. ह्यास्नी मी आत्ताच जायला पायजे हाय."

दिराच्या वकिलानं खाकरून घेतलं. साहेबांनी मला विचारलं, मी पाहिलं तेवढं सांगितलं. हिला उपचाराची गरज आहे, हिच्यापासून कोणाला धोका मला दिसला नाही, आणि ही आपल्या इच्छेनं जायला तयार आहे. साहेबांनी लेखणी दौतीला लावून ठेवली. अर्ज फेटाळून निकालात काढला. ज्याला आपणहून उपचार घ्यायचे त्याला तसं जाता येण्याची सोय कायद्यात होतीच. ती वापरलेली साहेबांनीही पाहिली नव्हती.

मार्गशीर्षात एक दिवस सकाळी चिमाबाई दवाखान्याच्या ओट्यावर येऊन बसली. डोक्यावर गाठोडं आणि काखेत जिवंत कोंबडं, इस्पितळाच्या डॉक्टरांना द्यायला. भात कापून, झोडून, कणगी भरून, कुलूप लावून आली होती. आबा तिला गाडीनं घेऊन गेले. पेरणीच्या आधी ती परत आली. आवाज बंद झाले का, असं मी विचारलं. "न्हाई. पर आता लांबनं बोलत्यात," म्हणाली. "झोप लागती."

पुढं माझी बदली लोणावळ्याला झाली आणि भेटी कमी झाल्या. दुसरी मोठी लढाई सुरू झाली. कौन्सिलं बसली, उठली. निवेदनं जातच राहिली. कायद्यातला एक शब्दही त्यांच्या हयातीत हलला नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण अशा माणसांच्या गोष्टीत शेवटी काहीतरी यश मिळालेलं असतं अशी आपली अपेक्षा असते. त्यांना मिळालं ते एवढंच, की मावळातले दोन-तीन डॉक्टर वरचा रकाना रिकामा ठेवायला शिकले, आणि काही साहेब 'व्यक्ती कुठं आहे' असं आपणहून विचारू लागले.

लढाईच्या मधल्या वर्षांत एकदा मी संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला निघालो होतो. वडगावला माझ्याच डब्यात आबा चढले. खूप थकले होते. बरोबर एक म्हातारा माणूस, ठेंगणा, उन्हानं रापलेला, अंगात स्वच्छ बंडी. आबांनी त्याला हात देऊन वर घेतलं आणि मला म्हणाले, "डॉक्टर, हे हरीभाऊ वाळुंज."

चोवीस-पंचवीस वर्षांनी हरी पहिल्यांदा बाहेर आला होता. त्यानंच महिन्यापूर्वी म्हटलं होतं, येक डाव खाचर बघून येऊ. आबांनी कागद केले. दोघं आदल्या दिवशी गावी गेले. गावात ओळखणारं कोणी नव्हतं. चुलतभाऊ वारला होता, त्याच्या सुनेनं पाहुण्याला द्यावा तसा तांब्याभर पाणी आणि गूळ दिला. हरी दिवसभर बांधावर बसला. आज दुपारी उठला आणि म्हणाला, चला. आबांनी विचारलं, माझ्या घरी? तो म्हणाला, न्हाई, बागंला पानी घालायचं हाय.

हे सगळं आबा मला सांगत होते आणि हरी समोर बसून ऐकत होता, दुसऱ्याची गोष्ट ऐकावी तसा. देहूरोड गेल्यावर आबा हरीकडे वळून म्हणाले, "हरीभाऊ, इतक्या वर्षांत मी एक बोललो न्हाई. त्यो अर्ज लिवला, ती माजी चूक व्हती."

मी मध्ये पडलो. आबा ही चूक बोलून दाखवत तेव्हा आम्ही सगळेच मध्ये पडायचो. काकी, मी, कोर्टातले स्नेही. म्हटलं, "आबा, तेव्हा तुम्ही तरुण होतात. अर्ज चुलतभावाचा, हुकूम साहेबाचा..."

हरीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो आबांकडे बघत होता. शांतपणे म्हणाला, "व्हय. व्हती."

मला वाटलं, आबा कोसळतील. पण त्यांनी डोकं मागच्या फळीला टेकलं, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि एक लांब श्वास सोडला. इतक्या वर्षांत त्यांना 'नाही' म्हणणारे आम्ही सगळे होतो. 'होय' म्हणायचा अधिकार एकट्याला होता, आणि त्यानं ते म्हटलं होतं. पुणं यायच्या आधी हरीनं कमरेच्या पिशवीतून सुपारीचं खांड काढलं, दातानं तोडलं आणि अर्धं आबांच्या हातावर ठेवलं.

स्टेशनाबाहेर त्यांनी टांगा केला. हरीला घोडा बघायचा होता म्हणून तो पुढं, टांगेवाल्याशेजारी चढला. आबा मागच्या बाजूला बसले, रस्त्याकडे तोंड करून. टांगा चालू लागला तशी त्यांची आकृती माझ्याकडे बघत मागं मागं जाऊ लागली. टोपी त्यांनी अजून घातली नव्हती. पांढरे केस वाऱ्यानं उडत होते, आणि ते सुपारी चघळत बसले होते. पुढून हरीचा आवाज आला, घोड्याचं वय विचारत होता. वळणावर आबांनी मला हात केला. त्यानंतर मला ते दिसले नाहीत.